लष्करी नेटवर्कसाठी डिफेन्सिव्ह टूल बनवायचंय? आधी गप्प बसणारं टूल बनवा

मार्च २००४ मध्ये विटी नावाचा एक वर्म (नेटवर्कवरून आपोआप पसरणारा मालवेअर) आला होता, आता फारसा कुणाला आठवत नाही. त्याची गंमत अशी की तो शिरायचा तेच मुळी एका कंपनीचं फायरवॉल सॉफ्टवेअर बसवलेल्या मशीनमध्ये, ज्यांनी काहीच बसवलं नव्हतं ते सुटले. त्या सॉफ्टवेअरमध्ये आयसीक्यू चॅटचं ट्रॅफिक तपासणारा जो कोड होता त्यातच बफर ओव्हरफ्लो (ठरवलेल्या जागेबाहेर मेमरीत लिहिलं जाण्याची चूक) होता, एक यूडीपी पॅकेट (पोच न मागणारा डेटाचा तुकडा) आलं की खेळ खल्लास, आणि मग तो वर्म हार्ड डिस्कवर जागा सापडेल तिथे कचरा लिहीत सुटायचा. साधारण १२,००० मशीन गेली. कुंपणानेच शेत खाल्लं.

मी बंद नेटवर्कसाठी मॉनिटरिंगची टूल्स लिहिण्यात बरीच वर्षं घालवलीत आणि नवीन मुलं टीममध्ये आली की त्यांना पहिल्याच दिवशी विटीची गोष्ट सांगतो. कारण प्रत्येकाला यायचंय ते "अटॅक ओळखून आपोआप ब्लॉक करणारं" टूल बनवायला. लष्करी नेटवर्कमध्ये मात्र तुमचं टूल तुटलेल्या लिंकवर चालणार असतं, कधीतरी शत्रूच्या हातात पडणार असतं, आणि त्याच्यावरच हल्ला होणार असतो, हे तिन्ही गृहीत धरूनच पहिली ओळ लिहायची. खालच्या सगळ्या पायऱ्या त्यातूनच निघाल्यात. उदाहरण म्हणून एकच टूल धरतो: नेटवर्कवर बसून ट्रॅफिक ऐकणारं आणि आत घुसलेला मालवेअर बाहेर "हजेरी" लावतोय का ते सांगणारं.

आणि हो, हे सगळं स्वतःच्या लॅबमध्ये किंवा लेखी परवानगी असलेल्या नेटवर्कवरच. तोंडी "करा हो, काही होत नाही" चालत नाही, ज्याने तसं म्हटलेलं असतं तो पुढच्या महिन्यात बदली होऊन गेलेला असतो.

पायरी १: कुठल्या नेटवर्कसाठी बनवताय ते ठरवा

"लष्करी नेटवर्क" असं एक काही नसतं. ढोबळमानाने तीन प्रकार धरा.

पहिलं ऑफिससारखं: डेस्कटॉप, मेल, फाइल सर्व्हर, फक्त इंटरनेटपासून तोडलेलं किंवा गाळण्या लावून जोडलेलं. तोडलंय म्हणजे सुरक्षित आहे हा भ्रम २००८ मध्येच फुटला. एजंट डॉट बीटीझेड नावाचा वर्म यूएसबी ड्राइव्हवरून अमेरिकन लष्कराच्या वर्गीकृत नेटवर्कमध्येसुद्धा पोचला, पेंटॅगॉनने काही काळ यूएसबी ड्राइव्हवर सरसकट बंदी घातली, साफसफाईला १४ महिने लागल्याचं नंतर सांगितलं गेलं, आणि पुढे अमेरिकेने वेगळी सायबर कमांडच उभी केली त्यामागे हे प्रकरण मोठं कारण होतं.

दुसरं फील्डवरचं: रेडिओ, सॅटेलाइट, गाडीत बसवलेले राउटर. लिंक कधी असते कधी नसते, असली तरी बारीक.

तिसरं म्हणजे विमान, जहाज, रणगाडा यांच्या आतलं. तिथे इथरनेट असेलच असं नाही. मिल-स्टँडर्ड-१५५३ नावाची बस, म्हणजे उपकरणांना जोडणारी सामाईक तार, १९७३ पासून आहे, वेग १ मेगाबिट, एका बसवर जास्तीत जास्त ३१ टर्मिनल, आणि ऑथेंटिकेशन (बोलणारा खरा कोण ते तपासणं) नावाची गोष्टच नाही, बस कंट्रोलर म्हणून जो बोलेल त्याचं सगळे ऐकतात. पण एक चांगली बाजूही आहे: त्या स्टँडर्डमध्ये "बस मॉनिटर" अशी फक्त ऐकणाऱ्या उपकरणाची जागा मुळातच ठेवलेली आहे, आणि सगळं संभाषण ठरलेल्या वेळापत्रकाने चालतं, त्यामुळे वेळापत्रकाबाहेरची एक कमांडसुद्धा चटकन दिसते.

आपलं उदाहरण पहिल्या दोन प्रकारांचं.

कोड लिहायच्या आधी दोन आठवडे नुसते फिरा. कुठली मशीन कुणाशी बोलते, कुठल्या पोर्टवर, कधी, याची यादी करा. नेटवर्कचा अधिकृत नकाशा मिळतो, तो घ्या, धन्यवाद म्हणा, आणि त्यावर विश्वास ठेवू नका. नकाशात नसलेला एखादा जुना प्रिंट सर्व्हर सापडतोच सापडतो.

पायरी २: एकच प्रश्न निवडा

"सगळे हल्ले ओळखायचे" हे स्पेसिफिकेशन नाही, ती इच्छा आहे. मायटर अटॅक नावाचं जे फ्रेमवर्क आहे त्यात हल्लेखोर काय काय करतात त्याची पद्धतशीर यादी आहे, ती उघडा आणि आपल्या नेटवर्कवर कुठलं तंत्र शक्य आहे, त्यातलं कुठलं आत्ता कुणालाच दिसत नाहीये, ते बघा. जे शक्य आहे पण दिसत नाही, त्यातलं एक उचला.

आपण उचललंय ते बीकनिंग. मालवेअर आत शिरला की त्याला मालकाकडून हुकूम घ्यायचे असतात, म्हणून तो ठराविक वेळाने एखाद्या पत्त्यावर टकटक करतो. बंद नेटवर्कमध्ये तो बाहेर जाऊ शकत नाही, तर आतल्याच एखाद्या बळकावलेल्या सर्व्हरवर टकटक करतो. ट्रॅफिक एनक्रिप्टेड असलं तरी टकटकीची लय लपत नाही, आणि आपल्याला तेवढीच पुरते.

पायरी ३: सेन्सर, म्हणजे कान

पॅसिव्ह ठेवा. म्हणजे सेन्सरच्या ऐकणाऱ्या इंटरफेसला आयपी पत्ताच द्यायचा नाही, त्याने एक पॅकेटही बाहेर टाकायचं नाही. हा धडा मी महागात शिकलोय. एका टेस्ट लॅबमध्ये मी "काय काय जोडलंय ते बघू" म्हणून साधा पोर्ट स्कॅन (प्रत्येक मशीनचे पोर्ट ठोठावून बघणं) मारला आणि कोपऱ्यातला एक जुना कंट्रोलर जागच्या जागी गोठला, बटण दाबून रीसेट करावा लागला. लॅब होती म्हणून लोक हसले. तोच कंट्रोलर जहाजावर एखाद्या पंपाला जोडलेला असता तर कुणी हसलं नसतं.

ट्रॅफिक घ्यायचं कुठून? स्विचचा मिरर पोर्ट (ट्रॅफिकची नक्कल देणारा पोर्ट) सोपा पडतो, पण हिशोब करा: १ गिगाबिटची फुल डुप्लेक्स (एकाच वेळी दोन्हीकडे बोलणारी) लिंक दोन्ही दिशांनी भरली तर २ गिगाबिट होतात आणि मिरर पोर्ट १ गिगाबिटचाच असेल तर उरलेली पॅकेट गुपचूप गळतात, तीसुद्धा नेमकी गर्दीच्या वेळी. शक्य असेल तिथे ऑप्टिकल टॅप, म्हणजे फायबरमधला थोडा प्रकाश सेन्सरकडे वळवणारा तुकडा, लावा. त्याला वीज लागत नाही, तो बंद पडत नाही, आणि त्यातून उलट दिशेने काही पाठवता येत नाही.

पॅकेटवरून कनेक्शनचा लॉग बनवायला स्वतः काही लिहायला जाऊ नका. झीक आहे, १९९५ पासून त्यावर काम चाललंय, पूर्वी त्याचं नाव ब्रो होतं. सुरिकाटाही आहे. स्वतः लिहायचं ते फक्त जिथे तुमचा प्रोटोकॉल यांना कळत नाही तिथे. आणि तिथेच विटी आठवा. पार्सर म्हणजे शत्रूने पाठवलेले बाइट तुमच्या सगळ्यात नाजूक जागी वाचणारा कोड, तो सी मध्ये लिहायचा हट्ट सोडा, मेमरीच्या चुका टाळणाऱ्या रस्ट भाषेत लिहा. प्रत्येक लांबीचं फील्ड खोटं असू शकतं असं धरून चाला. पार्सर वेगळ्या प्रोसेसमध्ये, रूट अधिकार काढून, फाइल उघडण्याचे आणि नेटवर्कवर बोलण्याचे सिस्टिम कॉल बंद करून चालवा, म्हणजे फुटला तरी एक प्रोसेस मरेल, ती दुसरी प्रोसेस पुन्हा उठवेल, आणि "पार्सर मेला" हाच एक अलर्ट धरायचा. मग त्याच्यावर फझर (वाटेल तसा बिघडवलेला डेटा देऊन बघणारं टूल) सोडा, एएफएल प्लस प्लस किंवा लिबफझर, आणि एक रात्र नाही, आठवडाभर. पहिल्या तासात काही सापडलं नाही तर पार्सर चांगला आहे असं समजू नका, बहुतेक वेळा फझर आतपर्यंत पोचतच नसतो, कव्हरेज (कोडचा किती भाग चालला ते) बघा.

पायरी ४: लय ओळखायची कशी

इथे जरा थांबू, कारण बहुतेक टूल्स इथेच वाया जातात.

एका मशीनने एका पत्त्यावर केलेल्या लागोपाठच्या कनेक्शनमधलं अंतर घ्या, सेकंदांत. समजा असं आलं:

६०१, ५९९, ६०३, ६००, ५९८, ६०२, ६००

डोळ्यांनाच दिसतंय, दर १० मिनिटांनी कुणीतरी टकटक करतंय. आता माणूस ब्राउझर वापरतोय त्याची अंतरं बघा:

४, ९०, १२, ७००, ३, ४५, २२००

पहिल्याचा मध्यक (आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) ६००. प्रत्येक आकडा मध्यकापासून किती लांब ते काढा आणि त्या अंतरांचा पुन्हा मध्यक घ्या, तो येतो १. म्हणजे १ भागिले ६००, साधारण ०.००२. दुसऱ्याचा मध्यक ४५, लांबीचा मध्यक ४२, गुणोत्तर ०.९३. जितकं शून्याजवळ तितकं यंत्र, जितकं एकाजवळ तितका माणूस.

कुणीतरी विचारतंच, मध्यक कशाला, सरासरी आणि स्टँडर्ड डेव्हिएशन (आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप) का नाही? कारण फील्डवर लिंक तुटते. समजा मधे काही वेळ लिंक गेली आणि चौथं अंतर ६०० ऐवजी ३६०० झालं. सरासरी उडी मारून १०२९ वर जाते, स्टँडर्ड डेव्हिएशन हजाराच्या वर, आणि तुमचं टूल म्हणतं की हा तर माणूस दिसतोय. मध्यकाने काढलं तर ६०१ आणि २. ढिम्म हलत नाही. ऑफिसच्या स्थिर नेटवर्कवर बनवलेलं टूल फील्डवर आंधळं होतं ते असं.

आता हल्लेखोरही खुळा नसतो, तो लयीत मुद्दाम गडबड घालतो, ज्याला जिटर म्हणतात. १० मिनिटांत वरखाली ५० टक्के, म्हणजे ३०० ते ९०० सेकंदांत कुठेही. तरी गुणोत्तर साधारण ०.२५ येतं, माणसापेक्षा खूपच कमी. फक्त ७ अंतरांवर निकाल देऊ नका, निदान ३०-४० जमू द्या. आणि आठवड्यातून एकदाच टकटक करणारा असेल तर ही पद्धत कामाची नाही, त्यासाठी वेगळं शोधावं लागतं, ते मान्य करून डॉक्युमेंटमध्ये स्पष्ट लिहून ठेवा.

खरी डोकेदुखी पुढे आहे. सगळ्यात लयदार कोण बोलतं? घड्याळं जुळवणारं एनटीपी, अँटिव्हायरसचा अपडेट तपासणारा एजंट, प्रिंटरची स्टेटस चौकशी. सगळे भले लोक. म्हणून लय एकटी पुरत नाही, तिच्यासोबत दोन गोष्टी जोडा. एक, त्या पत्त्याशी किती मशीन बोलतात: ४०० मशीन बोलत असतील तर बहुधा सर्व्हर आहे, एकच बोलत असेल तर कान टवकारा. दोन, पायरी १ मधली यादी. लष्करी नेटवर्कचा हा मोठा फायदा आहे, तिथे कोण कुणाशी बोलायला पाहिजे हे खरंच ठरलेलं असतं, मोकाट इंटरनेटवर असं म्हणता येत नाही.

आता गणित, जे मॅनेजरला दाखवायचं. दिवसाला १ कोटी कनेक्शन धरा. तुमचं टूल फक्त ०.१ टक्का वेळा चुकीचं ओरडतं, ऐकायला भारी वाटतं ना? १०,००० खोटे अलर्ट रोज. एकेकाला ५ मिनिटं धरली तर ८३३ तास, म्हणजे ८ तासांच्या शिफ्टची शंभराहून जास्त माणसं नुसती खोटे अलर्ट बंद करायला. आणि त्या दिवशी खरे हल्ले २ असतील तर ते त्या ढिगाऱ्यात. लांडगा आला रे आला. म्हणून निर्णय एकेका कनेक्शनवर घेऊ नका, मशीन आणि पत्त्याच्या जोडीवर दिवसातून एकदा घ्या, म्हणजे १ कोटीचे काही हजार होतात, त्यातले यादीतले भले लोक वगळले की हातात मोजके उरतात. माझा ठोकताळा असा, शिफ्टला ५ पेक्षा जास्त अलर्ट येत असतील तर टूल अजून तयार नाही.

पायरी ५: घड्याळावर विश्वास ठेवू नका

जीपीएस जॅम होतं. सेन्सर जीपीएसवरून वेळ घेत असेल तर घड्याळ सरकतं, किंवा सिग्नल परत आला की एकदम उडी मारतं. वरची अंतरं काढायला भिंतीवरचं घड्याळ वापरूच नका, मशीनचा मोनोटोनिक काउंटर (कधी मागे न जाणारा मोजणारा आकडा) वापरा आणि त्याच्या जोडीला प्रत्येक बूटचा वेगळा क्रमांक लिहा. एकदा आमच्या दोन सेन्सरांत ४ मिनिटांचा फरक होता आणि आम्ही अर्धा दिवस असं समजून घालवला की संसर्ग उजवीकडून डावीकडे पसरला, होता नेमका उलटा.

लॉगच्या प्रत्येक नोंदीत आधीच्या नोंदीचा हॅश (मजकुरावरून काढलेला छोटा ठसा) घाला, म्हणजे मधली नोंद कुणी काढली तर साखळी तुटते. टोकाचा हॅश अधूनमधून दुसऱ्या मशीनवर ठेवा, नाहीतर हल्लेखोर अख्खी साखळीच नव्याने बनवेल.

पायरी ६: बातमी पोचवायची, पण आवाज न करता

ऑफिसच्या जगात सेन्सर सगळे लॉग मध्यवर्ती सर्व्हरवर ओततो. फील्डवर ९.६ किलोबिटची रेडिओ लिंक असेल तर १ जीबी लॉग पाठवायला सुमारे साडेनऊ दिवस लागतील, तेही दुसऱ्या कुणी एक अक्षर न पाठवता. तीच लिंक २०० बाइटचा अलर्ट सेकंदाच्या साधारण सहाव्या भागात नेते. म्हणजे विश्लेषण सेन्सरवरच व्हायला हवं, वर जायचा तो निष्कर्ष, आणि कच्चा लॉग स्थानिक डिस्कवर गोल फिरणाऱ्या बफरमध्ये, भरला की जुनं पुसत. डेटा लिहायला जेसन ऐवजी सीबॉर हा आटोपशीर प्रकार वापरा, त्या बारीक लिंकवर प्रत्येक बाइट दुसऱ्या कुणाच्या तरी संदेशाची जागा खातो.

पण खरा मुद्दा वेगाचा नाही. युनिटने रेडिओ मौन धरलेलं असताना तुमचं टूल दर मिनिटाला "मी जिवंत आहे" म्हणून ट्रान्समिट करत असेल तर तुम्ही शत्रूला जागा दाखवणारा दिवा बनवलाय. आणि मौन नसतानाही, अलर्ट आला की ट्रॅफिक वाढतं हे बाहेरून ऐकणाऱ्याला कळतं, त्यातून त्याला समजतं की आपला घुसखोर पकडला गेला. म्हणून तीन गोष्टी करा. टूलला "मौन" नावाचा मोड द्या, एका स्विचने चालू होणारा, आणि तो चालू असताना नेटवर्क सॉकेट उघडायचा कोडच चालू शकणार नाही असं बांधा, नुसता कॉन्फिगरेशनमधला हो-नाहीचा पर्याय नको. संदेश कायम एकाच आकाराचे, रिकामे असले तरी पॅडिंग भरून. आणि जायचे तर ठरलेल्या वेळी, दुसऱ्या नेहमीच्या ट्रॅफिकच्या पाठीवर बसून.

मग वर्गीकरण. कमी गोपनीय नेटवर्कवरून जास्त गोपनीयकडे माहिती जाऊ शकते, उलट नाही, हे तत्त्व बेल आणि लापाडुला यांनी १९७३ च्या सुमारास मांडलं तेव्हापासूनचं. तुम्ही म्हणाल लॉगमध्ये काय गोपनीय असणार? मशीनची नावं, युजरची नावं, फाइलची नावं. फाइलच्या नावातच मोहिमेचं नाव असतं. म्हणजे लॉगचा दर्जा त्या नेटवर्कचाच.

मधे डेटा डायोड असेल, म्हणजे फायबरच्या एका टोकाला फक्त लेसर आणि दुसऱ्याला फक्त रिसीव्हर, तर टीसीपी विसरा, त्याला लागणारी पोच परत येतच नाही. यूडीपीवर क्रमांक घालून पाठवा, फॉरवर्ड एरर करेक्शन लावा म्हणजे काही पॅकेट हरवली तरी पलीकडे जोडता येतील, आणि ठराविक वेळाने नुसती हजेरी पाठवा, नाहीतर शांतता म्हणजे "सगळं ठीक" की "केबल निघाली" हे कळायचं नाही. (डायोड हे रेडिओ नाही, इथे हजेरी चालते.) आणि वरून खाली हुकूम येणार नाही हे डिझाइनमध्येच धरा, सेन्सरला "आता हे शोध" असं लांबून सांगता येणार नाही.

पायरी ७: सेन्सर शत्रूच्या हातात पडला तर

गाडी सोडून यावं लागतं कधीकधी. सेन्सरमध्ये काय असतं? तुमचे रूल्स, म्हणजे तुम्हाला काय काय दिसतं आणि अर्थातच काय दिसत नाही याची यादी. म्हणून डिस्क एनक्रिप्टेड, तिची की टीपीएममध्ये (गुप्त किल्ल्या जपणाऱ्या चिपमध्ये), प्रत्येक सेन्सरची की वेगळी, केंद्राकडून एका फटक्यात रद्द करता येणारी. हातमोजे घालून दाबता येईल असं पुसायचं बटण. आणि सगळ्या जगाचे रूल्स प्रत्येक सेन्सरवर टाकू नका, त्या जागेला लागतील तेवढेच.

पायरी ८: बिल्ड आणि अपडेट

तीन प्रकरणं लक्षात ठेवा, तिन्हींचा धडा वेगळा आहे.

२०२० च्या डिसेंबरमध्ये उघडकीला आलेलं सोलारविंड्स (नेटवर्क सांभाळायचं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी): हल्लेखोरांनी बिल्ड चालू असतानाच सोर्स बदलला, त्यामुळे बाहेर पडलेल्या अपडेटवर कंपनीची खरी सही होती, आणि ते सुमारे १८,००० ग्राहकांनी उतरवून घेतलं. म्हणजे नुसती सही पुरत नाही. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन मशीनवर बिल्ड करा, दोन्हींचा हॅश बिट न् बिट जुळला तरच सही करा, आणि सहीला दोन माणसं लागू द्या.

मार्च २०२४ मधलं एक्सझेड (फाइल दाबून लहान करणारं सॉफ्टवेअर): मागचं दार गिट रिपॉझिटरीत (कोडच्या उघड्या साठ्यात) पूर्ण दिसतच नव्हतं, त्याला चालू करणारा तुकडा रिलीजच्या टारबॉलमध्ये (वाटायच्या गठ्ठ्यात) होता. अँड्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनीअरला एसएसएच (लांबच्या मशीनवर शिरायची सोय) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं म्हणून सापडलं. तेव्हा टारबॉल नको, रिपॉझिटरीतून स्वतः बिल्ड करा, प्रत्येक डिपेंडन्सीचा (बाहेरून घेतलेल्या कोडचा) हॅश पक्का करा, एसबॉम (टूलमध्ये काय काय वापरलंय त्याची यादी) ठेवा. आणि डिपेंडन्सी कमी करा हो, तारीख दाखवायला ४० लायब्ररी ओढणारा कोड मी पाहिलाय.

१९ जुलै २०२४ चं क्राउडस्ट्राइक (सुरक्षेचं सॉफ्टवेअर बनवणारी कंपनी): हल्ला वगैरे काही नाही, कोड तोच, फक्त डिटेक्शनची कंटेंट फाइल बदलली, कर्नलमध्ये चालणाऱ्या पार्सरने हद्दीबाहेर वाचलं आणि सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या स्क्रीनवर बंद पडली. आपण सगळे "रूल्सच तर आहेत" म्हणून रूल्सची टेस्टिंग ढिली ठेवतो. रूल हा कोडच समजा. आधी एका सेन्सरवर, मग पाचावर, मग एका युनिटवर, मधे निदान एक दिवस. आणि नवीन रूल्सवर दोनदा क्रॅश झाला तर आपोआप जुन्या रूल्सवर परत, कुणालाही न विचारता.

बंद नेटवर्कमध्ये अपडेट शेवटी कुणाच्या तरी खिशातून जातो. त्या मीडियासाठी वेगळं तपासणी स्टेशन ठेवा, मीडिया एकदाच लिहिता येणारा असला तर उत्तम, आणि सेन्सरने मीडियावरची फक्त सही केलेली एक फाइल वाचायची, बाकी फाइल सिस्टिमकडे बघायचंसुद्धा नाही.

मॅनेजमेंट कन्सोलबद्दल एवढंच: २४ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनवरचं आक्रमण सुरू होताना व्हायासॅट कंपनीचं केए-सॅट हे सॅटेलाइट इंटरनेटचं नेटवर्क पडलं, तिथे हल्लेखोर नीट कॉन्फिगर न केलेल्या व्हीपीएनमधून मॅनेजमेंट भागात शिरले आणि तिथूनच हजारो मोडेमना हुकूम देऊन त्यांची फ्लॅश मेमरी पुसली. मध्य युरोपातल्या सुमारे ५,८०० पवनचक्क्यांचं दूरनियंत्रणही त्यात गेलं. तुमच्या कन्सोलवरून सगळ्या सेन्सरना एकदम हुकूम देता येत असेल तर ती सोय कुणासाठी केलीय याचा विचार करा.

पायरी ९: ब्लॉक करायचं का?

आता आलो तुमच्या आवडीच्या विषयावर. माझं उत्तर: पहिले सहा महिने नाही. टूलला तीन पातळ्या द्या: बघणं, सुचवणं, करणं. तिसरी पातळी फक्त अशा लिंकवर जी तुटली तर कुणाच्या जिवावर बेतणार नाही, आणि कुठल्या लिंक त्या यादीत ते इंजिनीअरने ठरवायचं नाही, तिथल्या कमांडरने लेखी ठरवायचं. प्रत्येक ब्लॉकला मुदत, समजा १५ मिनिटं, माणसाने वाढवली नाही तर आपोआप उठेल. कारण हल्लेखोराला तुमचं टूल कळलं तर तो खोटी लय तयार करून तुमच्याच हातून तुमची लिंक तोडून घेईल.

अलर्टचा मजकूर कुणासाठी लिहितोय ते लक्षात ठेवा. पहाटे ३ वाजता, तिसरी शिफ्ट, सायबरचं शिक्षण सहा आठवड्यांचं. त्याला "सी-टू बीकन, स्कोअर ०.८७" असं दिसून काय कळणार? असं लिहा:

"भांडारातलं मशीन १२ दर १० मिनिटांनी प्रिंट सर्व्हरशी बोलतंय. हे ९ दिवसांपूर्वी सुरू झालं, दुसरं कुठलंच मशीन असं करत नाही. मशीन बंद करू नका, नेटवर्कची केबल काढू का ते ड्यूटी ऑफिसरला विचारा."

"बंद करू नका" हे लिहावंच लागतं, कारण घाबरलेला माणूस पहिलं पॉवर बटण दाबतो आणि मेमरीतला सगळा पुरावा जातो.

पायरी १०: टेस्टिंग, आणि रोजची खोटी टकटक

लॅबमध्ये आधी साध्या दिवसाचं रेकॉर्ड केलेलं ट्रॅफिक टीसीपीरीप्लेने परत वाजवा, त्यात काहीही सापडता कामा नये. मग मायटरचं कॅल्डेरा किंवा अ‍ॅटॉमिक रेड टीम घेऊन खरी तंत्रं चालवा. मग लिंक तोडा, घड्याळ पुढे ढकला, डिस्क भरू द्या, वीज काढा. डिस्क भरल्यावर काय होतं हे फार कमी लोक तपासतात, आणि बहुतेक टूल्स तेव्हा न ओरडता मरतात. शेवटी दुसऱ्या टीमला सांगा की आमचं टूल फोडा, फक्त नेटवर्क नाही.

आणि बसवल्यावर एक काम कायमचं. नेटवर्कवर एक छोटं मशीन ठेवा जे रोज ठराविक काळ मुद्दाम मालवेअरसारखी टकटक करेल, थोडं जिटर घालून. त्याचा अलर्ट रोज आला पाहिजे आणि शिफ्टवाल्याने तो वहीत टिपला पाहिजे. कुठली वेळ निवडायची ते दर आठवड्याला बदला, नाहीतर दोन महिन्यांत लोक न बघता टिक मारायला लागतात, मी स्वतः मारलीय. अलर्ट नाही आला तर आधी टॅपची केबल बघा, मग डिस्क, मग पार्सर शेवटचा कधी मेला होता ते, आणि हे सगळं ठीक असेल तर यादीत त्या मशीनचं नाव कुणी "भले लोक" मध्ये टाकलंय का ते बघा, आमच्याकडे दोनदा अलर्ट आला नव्हता आणि दोन्ही वेळा तेच निघालं होतं.